जिचा चेहरा, तिला विचारा

माझं नाव क्रांती, आणि माझा धंदा भुवया कोरण्याचा. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी आधी हसून घ्यावं, मग पुढे वाचावं.

सुरतेच्या डिंडोलीत एका रो-हाउसच्या पहिल्या मजल्यावर माझं पार्लर आहे. पाटीवर ठळक अक्षरांत ‘क्रांती ब्युटी पार्लर’. गल्लीला आता सवय झाली आहे, पण गावाकडून आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं होतं, की ही कुठल्या नव्या क्रीमची एजन्सी आहे का.

नाव ठेवलं नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. नाना धुळ्याकडून सुरतेला आले आणि बमरोलीच्या एका खात्यात लागले. खातं म्हणजे इथे मागांचा कारखाना. पाळीभर माग चालवायचे आणि पाळी सुटली की पॅम्प्लेट लिहायचे. कामाचे तास, पंख्याची हवा, प्यायचं पाणी, संडासाचं दार, अशा विषयांवर. आमच्या घरात चित्रांची पुस्तकं नव्हती, पॅम्प्लेटं होती. मी जोडाक्षरं शिकले ती ‘संघर्ष’ आणि ‘हक्क’ वाचून. खेळ म्हणून आम्हा भावंडांना पॅम्प्लेटांच्या घड्या घालायला बसवत. कडेला कड जुळली नाही की नाना घडी उलगडून परत हातात देत. माझ्या बोटांना सरळ कड ओळखायची सवय तिथे लागली, आणि भुवयांचा धंदा सगळा कडेचाच आहे. म्हणून मी सांगते की माझं प्रशिक्षण कामगार चळवळीत झालं.

मी पार्लर शिकायला जाते असं सांगितलं तेव्हा नानांनी हातातलं पॅम्प्लेट खाली ठेवलं. मग एकच प्रश्न विचारला.

“तिथे बसायला स्टूल देतात का उभंच ठेवतात?”

उभंच ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पॅम्प्लेट लिहायला घेतलं होतं, आईने कागद काढून घेतला.

माझ्याबरोबर पार्लरमध्ये नंदाकाकू असतात. त्या अकोल्याकडच्या. वॅक्सिंग त्यांच्याकडे, थ्रेडिंग माझ्याकडे. धंदा माहीत नसलेल्या पुरुष वाचकांसाठी थोडं सांगते. थ्रेडिंगचा दोरा सुती लागतो. साऱ्या शहरात पॉलिस्टरचा धागा धो धो वाहतो, पण तो कातडीला कापतो, म्हणून आम्ही सुती रीळ शोधून आणतो. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, दोन हातांत दोऱ्याला पीळ द्यायचा, आणि तो पीळ कात्रीसारखा उघडमिट करत केस मुळापासून ओढायचे. भुवईला डोळ्यांत पाणी येतं. ओठावर केलं तर शिंका येतात. केस काही आठवड्यांत परत येतात. ब्लीच वेगळं. त्यात केस काढत नाहीत, सोनेरी करतात. त्याची पावडर क्रीममध्ये मिसळली की नाकात झिणझिण्या येतात, आणि कातडी चुरचुरते. मोठ्या बाईला चुरचुरतं. लहान मुलीची कातडी पातळ, तिला पोळतं. एवढं ज्ञान पुढच्या गोष्टीला पुरे.

गोष्ट अशी, की गेल्या काही वर्षांत माझ्या खुर्चीवर बसणारी माणसं लहान होत चालली. आधी नवरीबरोबर करवली यायची, तिचे केस बांधून द्यायचो, ती खूश. मग करवलीला फेशियल हवं झालं. मग पाच वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला ‘हेअर स्पा’. त्या मुलीचे पाय खुर्चीच्या अर्ध्यापर्यंतही येत नव्हते. तिची आई मोबाइल समोर धरून सांगत होती, “डोळे मीट, रिलॅक्स कर.” पाच वर्षांची मुलगी. ती कशातून रिलॅक्स होणार होती, ते मला अजून कळलेलं नाही.

याला मी थारा दिला नाही. लहान मुलीला नाही म्हणजे नाही. एकदा एक आई तिसरीतल्या मुलीला ब्लीच करायला घेऊन आली. मुलगी सावळी, लग्न मामाचं, आणि फोटोत ती “उठून दिसायला” हवी होती. मी आईला बसवलं, पाणी दिलं आणि लांबलचक भाषण दिलं. आई ऐकून घेऊन निघून गेली. दोन दिवसांनी तीच मुलगी खिडकीखालून चालली होती. कपाळ लाल, भुवया पिवळ्या. दुसऱ्या कुठल्या तरी पार्लरमध्ये करून घेतलं होतं. तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे हात हलवला.

त्या हाताचं मला फार लागलं. मी नाही म्हटलं, माझं तत्त्व शाबूत राहिलं, आणि तिचं कपाळ भाजलंच. दाराआड पाळलेलं तत्त्व एका दारापुरतंच असतं. ते गल्लीत न्यायचं तर एकच हत्यार मला माहीत होतं.

मी पॅम्प्लेट लिहिलं.

मथळा होता, ‘मुलीचा चेहरा ही कोणाची मालमत्ता नाही’. खाली जाहीर केलं, की पंधरा वर्षांखालील मुलींना या पार्लरमध्ये ब्लीच, वॅक्स, फेशियल, थ्रेडिंग, काहीही केलं जाणार नाही. सावळी मुलगी ही दुरुस्तीला आलेली वस्तू नव्हे. सात वर्षांच्या चेहऱ्यात काढण्यासारखं काही नसतं. आणि शेवटी एक ओळ, जिचा मला सगळ्यांत अभिमान होता: ‘तिला कोणी विचारलं आहे का?’ नानांनी मजकूर तपासला, विशेषणं कापली, आणि ही ओळ तेवढी ठेवली. नानांनी ओळ ठेवणं हा आमच्या घरात मोठा मान.

छापायला दिलं श्रावण लागल्यावर. म्हणजे कानबाईच्या आठवड्यात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कानबाई ही आमची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. डिंडोलीत तेव्हा दिवाळीपेक्षा मोठी धांदल असते. पार्लरमध्येही.

छापखानेवाला सज्जन माणूस. त्याच्याकडे साडी सेलच्या कामातून गुलाबी कागद उरला होता, तो त्याने वापरला. पार्लरचं काम म्हणून चारी बाजूंनी फुलांची वेलबुट्टी घातली. आमचं नाव सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठं. ‘पंधरा वर्षांखालील मुलींना’ एवढे शब्द ठळक केले, कारण ते त्याला महत्त्वाचे वाटले. बाकी मजकूर बारीक. आणि सगळ्या पार्लरच्या पॅम्प्लेटांना असते तशी तळाला तुटक रेघ मारली, रेघेच्या टोकाला कात्रीचं चित्र काढलं. ‘तिला कोणी विचारलं आहे का?’ ही माझी ओळ त्या तुटक रेघेच्या खाली गेली.

पेपरात घालून पॅम्प्लेट घरोघर गेलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडायला गेले तर जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आया, मावश्या, आणि प्रत्येकीच्या हाताला एकेक मुलगी. काहींच्या हाताला दोन. सगळ्यांच्या मुठीत गुलाबी कागद. पुष्कळींनी तळाची पट्टी आधीच फाडून आणली होती.

“ताई, स्कीम चालू छे ने?” पहिल्या पायरीवरच्या सविताने विचारलं. ती आमच्या मागच्या गल्लीतली, साड्यांना स्टोन लावायचं काम घरी करते. तिच्या शेजारी तिची माही, पहिलीतली.

“कसली स्कीम?”

“पंधरा वर्षांखालच्या मुलींची. पट्टी फाडून आणली बघ.” तिने माझी अभिमानाची ओळ माझ्या हातात ठेवली.

“वहिनी, वरचं वाचलं का?”

“वाचायचं काय त्यात? गुलाबी आहे.”

तिचं काही चुकलं नव्हतं. सुरतेत पॅम्प्लेट वाचत नाहीत, फाडतात. साडीचं, फरसाणाचं, ट्यूशन क्लासचं, सगळ्यांचं कूपन तळाला असतं. चार पायऱ्या खाली एक म्हातारी नंदाकाकूंना विचारत होती, “हाई कूपन कथाईन फाडानं वं?” कुठून फाडायचं म्हणून. आणि अकोल्याच्या नंदाकाकू तिला गंभीरपणे सांगत होत्या, “मले नका विचारू, माय. या पोरीनं देशच फाडाले काढला.”

स्कीम नाही, असं मी मोठ्याने सांगितलं. जिना खवळला. सकाळची कामं टाकून आलो, मुलींची शाळा बुडवली, एकीने तर लेकीला नवीन फ्रॉकही घातला होता. सविताच्या माहीने “मग आपण कशाला आलो?” असं विचारलं, तो त्या सकाळचा सगळ्यांत समंजस प्रश्न होता.

तेवढ्यात नाना माझा डबा घेऊन आले. खाली उभं राहून त्यांनी तो भरलेला जिना पाहिला. प्रत्येक हातात पॅम्प्लेट. नानांनी आयुष्यभर सभा घेतल्या आहेत आणि सतरंज्या स्वतः उचलल्या आहेत. त्यांच्या सभेला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, त्यांनीही नसावी. त्यांचा चेहरा असा उजळला, की तसं कुठल्या फेशियलने उजळत नाही.

“क्रांती,” ते खालूनच म्हणाले, “माणसं आलीच आहेत. सभा घे.”

“नाना, त्या स्कीमला आल्यात.”

“आमच्या सभेला चहासाठी यायची. ये, सुरू कर.”

आणि खरोखर आम्ही सभा घेतली. आया खुर्च्यांवर, मुली सतरंजीवर, नाना दारात, कारण पार्लरमध्ये पुरुष आत येत नाहीत हा नियम ते मोडत नाहीत. मी पॅम्प्लेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ब्लीच दोन बोटांवर कालवून सगळ्यांना हुंगायला दिलं. भाजलेल्या कपाळाची गोष्ट सांगितली. सविता म्हणाली, “पण लोक रील बघतात ना ताई. सगळ्यांच्या मुली गोऱ्या दिसतात, माझी एकटी काळी.” मी म्हटलं, त्या मोबाइलमध्ये गोऱ्या दिसतात, मोबाइल तसा बनवलाय. बायका हसल्या. मला वाटलं, जिंकले. समारोपाला मी आवाज चढवून म्हटलं, “म्हणून पंधरा वर्षांखाली काहीही नाही. तिला कोणी विचारलं आहे का?”

“मला विचारा,” मागून आवाज आला.

दारापाशी एक मुलगी बसली होती. आठवी-नववीतली. सुरतेत गाडीवर बसताना मुली उन्हासाठी बांधतात तसा तिने ओढणीचा स्कार्फ डोक्यापासून नाकापर्यंत घट्ट बांधला होता. नुसते डोळे दिसत होते. घरात, सावलीत, बायकांमध्ये. तिच्याबरोबर तिची आजी होती, आमच्या गल्लीची मोठी माय. आमच्याकडे आजीला मोठी माय म्हणतात आणि या मोठ्या मायला सगळीच गल्ली म्हणते, कारण कानबाईची गाणी तिच्यावाचून होत नाहीत. ती ओळ सांगणार आणि बाकीच्या झेलणार. नात धनश्री, धनू, लहानपणापासून तिच्या मांडीला मांडी लावून गायची.

धनूने पॅम्प्लेट उलगडलं. तिने पट्टी फाडली नव्हती.

“इथे तुम्ही लिहिलंय, काहीही केलं जाणार नाही. आणि खाली लिहिलंय, तिला कोणी विचारलं आहे का. मग तुम्ही तरी कोणाला विचारलं?”

दारात नाना खोकले. तो कौतुकाचा खोकला होता, मला ओळखू येतो, पण या वेळी तो माझ्यासाठी नव्हता.

“बोल,” मी म्हटलं. “काय विचारायला हवं होतं?”

तिने आजीकडे पाहिलं. आजीने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मग खरखरत, अर्ध्या शब्दांत तिने सांगितलं, की या वर्षी घसा गेला, डॉक्टरने बोलायचंच कमी सांगितलंय. गाणी आता धनूलाच येतात. आणि धनू गायला तयार नाही. ती रविवारी तोंड उघडं टाकून बसणारच नाही म्हणते. “पोरं डीजे आनतील म्हने,” मोठी माय म्हणाली. “कानबाईले डीजे.”

“काहून नाही गात वं?” नंदाकाकूंनी विचारलं.

धनूने स्कार्फची गाठ सोडली. चांगला गोल चेहरा, आणि वरच्या ओठावर लव. नजरेत भरेल अशी, गडद. कोणीतरी “अगं बाई” म्हणालं आणि कोणीतरी त्या बाईला कोपर मारलं.

“वर्गात मला ‘मूछाळो’ म्हणतात,” ती म्हणाली. मूछाळो म्हणजे गुजरातीत मिशीवाला. “आधी मुलं म्हणायची. आता मुलीपण. स्कार्फमधून गाणं निघत नाही. आणि स्कार्फ काढला तर माझं सगळं लक्ष इथे असतं.” तिने ओठावर बोट ठेवलं. “तुमच्याकडे येणार होते. तर तुमचं हे आलं. पंधरा वर्षं. मी तेरा वर्षांची आहे. रविवारपर्यंत पंधरा कशी होऊ?”

यानंतर जे झालं ते माझ्या पूर्ण धंद्यातलं मला सर्वांत आवडतं. नंदाकाकू उठल्या, खिडकीच्या उजेडात गेल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, “इकडे पाह्य, पोट्टे. आठ दिवस दोरा नाही लावला तर मी पोलीस भरतीत जाईन.” मग मी माझा ओठ दाखवला. दुसऱ्याचे करता करता माझा राहून गेला होता. सविता म्हणाली, “माझी तर हनुवटीवर पण आहे,” आणि दाखवली. मग एकेक बाई उठून उजेडात येऊ लागली. ही बघ. माझी बघ. माझ्या सासूची बघायला हवी होती. ज्या बायका या जिन्यावरून एकमेकींना न बघितल्यासारखं करून चढतात-उतरतात त्या मिशांची तुलना करत होत्या. नानांनी आपण होऊन पाठ फिरवली.

“सगळ्यांना असते?” धनूने विचारलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

“सगळ्यांना,” मी म्हटलं. “आमचं दार बंद असतं म्हणून बाहेर कळत नाही.”

“माले बी व्हती,” मोठी माय खरखरली. “तुना आजाले माहीतच नई.”

हसण्याने खोली भरली. धनूही हसली, आणि हसताना तिचा हात ओठाकडे गेला, मग अर्ध्यातून परत आला.

नानांनी पाठ फिरवूनच सांगितलं, की ठराव आला आहे, त्यावर दुरुस्ती यायला हवी, नाहीतर ही सभा कसली. दुरुस्ती धनूनेच मांडली. जिचा चेहरा, तिला आधी विचारायचं. एकटीला. तिला घेऊन आलेल्या माणसाने जिन्यावर बसायचं. काय करणार, दुखेल का, पोळेल का, परत येईल का, हे आधी तिलाच सांगायचं. तिने नाही म्हटलं तर नाही.

“आणि हो म्हटलं तर?” सविताने विचारलं.

“लहान मुलीने ब्लीचला हो म्हटलं तरी नाही,” मी म्हटलं. “पोळणाऱ्या गोष्टीला सात वर्षांचा होकार मी धरणार नाही. मोठं व्हायला लागलेल्या मुलीचं ऐकायचं. केस एकाएकी फार वाढले असतील तर आधी डॉक्टर.”

“माझं अनुमोदन,” नंदाकाकू म्हणाल्या. “पण लवकर आटपा, वॅक्स थंडं होऊन राह्यलं.”

हात वर झाले. मुलींनी विचारलं, आम्ही पण करायचा का. नाना म्हणाले, तुम्हीच करायचा. माहीने दोन्ही हात वर केले, तिचा एकच धरला.

आणि मग आम्ही खरंच विचारलं. आया जिन्यावर, एकेक मुलगी खुर्चीत. मी विचारायचे, तुला काय हवंय? बायांनो, मी हे काम इतकी वर्षं करते, पण एवढी गंमत कधी केली नव्हती. माहीला खुर्ची वर-खाली करून हवी होती. केली. एकीला डाव्या पायाच्या नखांना नेलपेंट हवं होतं, उजव्या नको, कारण उजवा शाळेच्या बुटात आधी जातो. एकीला आईपेक्षा मोठं कुंकू हवं होतं. एक म्हणाली, काही नको, पण आईला सांगू नका, थोडा वेळ अशीच बसते. बसू दिली. गोरं व्हायचंय असं एकीनेही म्हटलं नाही. ती मागणी जिन्यावर बसली होती.

शेवटी धनू. तिला मी सगळं सांगितलं. दुखेल. शिंका येतील. लाल होईल. काही आठवड्यांनी परत येईल, मग परत यावंसं वाटेल. नाही केलं तरी काही बिघडत नाही. खरं सांगते, ती नको म्हणेल अशी माझी मनातून खात्री होती. एवढी सभा झाली, एवढ्या मिशा पाहिल्या. नव्या पॅम्प्लेटचा मथळाही माझ्या डोक्यात तयार होत होता.

“काढा,” ती म्हणाली.

“सगळ्यांना असते, हे कळूनही?”

“कळलं म्हणूनच. आता मला तिची लाज नाही वाटत. पण गाताना मला तिचा विचार नकोय. मला गाण्याचा विचार करायचाय.”

विचारायचं म्हणजे हेच. उत्तर आपल्या पॅम्प्लेटमध्ये बसेलच असं नाही.

मी दोरा दातांत धरला. नंदाकाकूंनी तिला जीभ ओठामागे दाबायला सांगितली. पहिल्या ओढीला तिने अहिराणीत जे काही म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येत नाही. मोठी माय जिन्यावरून ओरडली असती, आवाज असता तर. मग शिंका. शिंक, दोरा, शिंक, दोरा. आमच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी, तिच्या दुखण्याने, माझ्या हसण्याने. बर्फ लावला, आरसा दिला. तिने बराच वेळ पाहिलं, डावीकडून, उजवीकडून.

“एवढंच?” ती म्हणाली. “मी तीच आहे.”

“तीच आहेस.”

“मग बरंय.” तिने स्कार्फ गुंडाळून दप्तरात टाकला.

रविवारी मी मोठ्या मायच्या घरी गेले. कानबाई म्हणजे आमच्याकडे एक नारळ. त्याला डोळे, नथ, कुंकू, दागिने लावून तिचा चेहरा करतात, आणि गल्लीतली ती कामगिरी दर वर्षी माझी. घरात नैवेद्याच्या रोटांचा वास भरला होता, बायका दाटीने बसल्या होत्या. नारळाचा चेहरा रंगवायचा तर आधी त्याचा काथ्या खरवडावा लागतो, नाहीतर काजळ फिसकटतं. मी सुरी घेतली. मोठी माय हळूच खरखरली, “कानबाईले बी थ्रेडिंग लागंच.” बायका हसल्या.

धनू माझ्यासमोर नारळ धरून बसली होती. डोळे काढून झाले. नथीच्या खाली, ओठाच्या जागेवर थोडे तंतू राहिले होते. मी तिथे सुरी नेली तर तिने नारळ मागे घेतला.

“तिला विचारलं?”

देवीची थट्टा होते की काय, अशा नजरा मोठ्या मायकडे गेल्या. मोठ्या मायने क्षणभर विचार केला.

“मंग ईचार ना तिले,” ती म्हणाली.

धनूने नारळ कानाला लावला. बाजारात पाण्यासाठी हलवतात तसा जपून हलवला. आत पाणी वाजलं. तिने पुन्हा हलवला, नीट ऐकून घेतलं, आणि आजीसमोर ठेवला.

“नको म्हणतेय.”

“मंग ऱ्हाऊ दे,” मोठी माय म्हणाली, आणि तिने स्वतः त्या ओठावर कुंकवाचं बोट टेकवलं.

सोमवारी कानबाई निघाली. धनूच्या आईने देवीला पाटावर घेऊन डोक्यावर धरलं होतं. पाट टोचू नये म्हणून डोक्यावर चुंबळ हवी होती, ती ऐनवेळी सापडेना, तेव्हा धनूने दप्तर उलटं करून आपला स्कार्फ काढून दिला. वर नथीखाली लव असलेली देवी, खाली स्कार्फची चुंबळ, आणि सगळ्यांच्या पुढे धनू, तोंड उघडं, गळा मोकळा. डीजे आला नव्हता. ती ओळ सांगत होती आणि आम्ही झेलत होतो. नाक्यावर तिच्या वर्गातली मुलं उभी होती. त्यांच्यातला एक काहीतरी बोलला, पण ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. धनूचा आवाज फार मोठा होता.